वेताळाची गादी आणि तराळाची काठी

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गावर अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' शिकवून संपविली. शेवटचे पान वाचून झाले तेव्हा वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, याचा दुसरा भाग हाये का?" मी नाही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "मंग तो परत येतो कधी?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि नंतर ओशाळलो. कारण त्या प्रश्नात थट्टा नव्हती. शिरपूरकडच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने धुळ्याला ये-जा करणारा हा मुलगा. कादंबरी म्हणून त्याने वाचलेली ही पहिलीच. पण कथा त्याने पुष्कळ पाहिलेल्या आहेत. २०१८ आणि २०१९ साली आलेले 'अ‍ॅव्हेंजर्स'चे दोन चित्रपट त्याने हिंदी आवाजात मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिले आहेत. त्यांत एका चुटकीसरशी विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात आणि पाच वर्षांनी तितक्याच सहजपणे परत येतात. अशा कथांवर वाढलेल्या मुलाला, फकिरा स्वतःला इंग्रज सरकारच्या हवाली करतो आणि गोष्ट तिथेच थांबते, हे अपुरे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. कथा म्हणजे काय, याविषयीची त्याची अपेक्षाच मुळी दुसऱ्या कुणीतरी घडविलेली आहे. ती कुणी घडविली आणि तिच्यात काय भरलेले आहे, हा या लेखाचा विषय आहे.

काही मित्र म्हणतील की आपल्यापुढे एवढे प्रश्न उभे असताना या नियतकालिकाची पाने अमेरिकन चित्रकथांतील महानायकांवर कशाला खर्च करायची? हा आक्षेप मला मान्य नाही. आपली मुले काय वाचतात-पाहतात त्याची चिकित्सा आपण करावयाची नाही, तर ती कुणी करावयाची? प्रस्थापित समीक्षकांनी चित्रकथेला वाङ्मयात कधी जागाच दिली नाही. ज्यांना जागा नाकारली गेली त्यांची दखल घेण्याची आपल्याला तरी सवय असायला हवी. शिवाय माझ्यापुरते सांगावयाचे तर मी वाचायला शिकलो तो चित्रकथांवरच.

माझे वडील जळगावात डाळ मिलमध्ये हमाल होते. घरात पुस्तक म्हणून एकही नव्हते. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक रद्दीचे दुकान होते. गठ्ठे बांधायला मदत केली की दुकानदार मला पोत्यावर बसून काय हवे ते वाचू देई. नव्वदचे दशक अर्धे सरले होते. रद्दीत 'इंद्रजाल कॉमिक्स'चे जुने अंक येत. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० साली बंद पडली होती. म्हणजे मी जे वाचत होतो ते मेलेल्या मासिकाचे अवशेष होते. कुणाचे मुखपृष्ठ फाटलेले, कुणाची शेवटची चार पाने वाण्याकडे गेलेली. मराठी अंकाखाली हिंदी अंक, वीस वर्षांपूर्वीच्या अंकावर दहा वर्षांपूर्वीचा. या क्रमाने वाचणाऱ्याला एका अंकात वेताळाचे लग्न होताना दिसे आणि पुढच्या अंकात तो ब्रह्मचारी असे. एकात बाप मरताना दिसे, दुसऱ्यात तोच चेहरा, तोच मुखवटा, घोड्यावर स्वार. मला त्यात काही खटकत नसे. वेताळ मरत नाही, असे जंगलातले लोक म्हणत, आणि मीही तसेच धरून चालत असे. अंकांचा मूळ क्रम कळला तो फार उशिरा, प्राध्यापकी लागल्यावर.

हा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम'. त्याच्या अमरत्वाची मूळ कल्पना मोठी चतुर आहे. १५३६ साली चाच्यांनी लुटलेल्या जहाजातून एक तरुण किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. तो मेल्यावर त्याचा मुलगा तोच वेष, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी घालतो. मग त्याचा मुलगा. आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. बाहेरच्या जगाला वाटते की चारशे वर्षे हा एकच पुरुष जिवंत आहे. खरी गोष्ट ठाऊक आहे ती बांदर जमातीला आणि आपल्याला, म्हणजे वाचकांना. गुहेत आधीच्या सर्व वेताळांच्या समाध्या आहेत आणि प्रत्येकाने लिहून ठेवलेल्या बखरींचे भले मोठे ग्रंथ आहेत. बखर घराण्याची आहे. जंगलातल्या लोकांची बखर त्या गुहेत नाही.

या कल्पनेचे कौतुक झाले पाहिजे तेवढे मी करतो. इतर महानायकांच्या तुलनेत येथे मृत्यू खराखुरा आहे. वेताळ मरतो तो मरतोच. त्याला पुरले जाते. परंतु मृत्यूला मान्यता देण्याची जी किंमत फॉकने मोजली आहे ती आपल्या समाजातून आलेल्या वाचकाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. ती किंमत म्हणजे वंशपरंपरा. अन्यायाशी लढण्याचे कामही येथे बापाकडून मुलाकडे जाते. बांदर जमातीतला गुरन हा वेताळाचा जन्माचा सोबती, जंगल त्याला तळहातासारखे ठाऊक. पण गादीवर गुरन बसत नाही. बसतो तो समुद्रावरून आलेल्या गोऱ्याचा एकविसावा वंशज. एकदा एका वेताळाची बहीण काही काळ तो वेष चढविते, तीही भावाच्या जागी, तात्पुरती. म्हणजे गादी आहे, घराणे आहे, वारस आहे, आणि भोवती या घराण्याच्या न्यायावर विसंबलेली रयत आहे. याला आपल्याकडे सरळ मराठी शब्द आहे, तो म्हणजे वतन.

आणि येथे मला माझ्या आजोबांविषयी लिहिले पाहिजे. ते धुळे तालुक्यातल्या एका गावी तराळकी करीत. त्यांच्या आधी त्यांचे वडील करीत. काठी तीच होती. गावात कुणी मेले की परगावी सुतक सांगायला जायचे, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, दवंडी द्यायची, रात्री वेशीवर बसायचे. वडील सांगत की गावातले लोक आजोबांना नावाने हाक मारीत नसत. 'तराळ' म्हणत. त्यांच्या वडिलांनाही तसेच म्हणत. पणजोबा वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या वाड्यापुढे काठी घेऊन आजोबा उभे राहिले आणि वाड्यातून हाक आली ती तीच, त्याच सुरात. मधे एक माणूस मेला आहे, याची दखल त्या हाकेने घेतली नाही. गावाच्या दृष्टीने तराळ मेलाच नव्हता. तो मरत नसतो.

वेताळाची कथा मी पुन्हा वाचली ती या आठवणीसह, आणि मला ती आमच्याच घरची गोष्ट उलटी टांगल्यासारखी दिसली. तेथेही व्यक्ती पुसली जाते आणि वेष उरतो, तेथेही मुलाला बापाच्या कातड्यात शिरावे लागते, तेथेही लोकांना माणूस बदललेला कळत नाही. फरक एवढाच की तेथे हाती कवटीचे सिंहासन येते, येथे काठी येत होती. गादीवरच्याचे नाव पुसले गेले की त्याला दंतकथा म्हणतात. वेशीवरच्याचे पुसले गेले की त्याला कुणी काहीच म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले तेव्हा त्यांना नेमके काय मोडावयाचे होते, हे मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा या चित्रकथेने जास्त स्पष्ट केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण तसे झाले खरे.

याच इंद्रजाल मालिकेत आबिद सुरती यांनी १९७६ साली 'बहादूर' आणला, आणि त्याच्याकडे आपल्या समीक्षेने अजून पाहिलेले नाही. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. बापाचा सूड घ्यायचा, बापाची वाट चालायची, हे त्याच्यासाठी ठरलेले. आणि तो ती वाट सोडतो. वेताळ बापाचा वेष चढवितो, बहादूर बापाचा वेष नाकारतो. एकाच कागदावर, एकाच छापखान्यातून निघालेल्या या दोन कथा परस्परांच्या विरोधात उभ्या आहेत. बहादूर पुढे नागरिक सुरक्षा दल काढतो आणि पोलिसांच्या बाजूने उभा राहतो. माणूस डाकू का होतो, जमीन कुणाची होती, हे प्रश्न कथेत मागे पडतात, ही त्याची मर्यादा आहे. तरीही जन्माने नेमून दिलेल्या कामाला नकार देणारा नायक म्हणून मला तो वेताळापेक्षा मोठा वाटतो. त्याला चारशे वर्षांचे आयुष्य नाही, एवढेच.

जाता जाता एक गोष्ट. फॉकच्या मूळ कथेतल्या देशाचे नाव 'बंगाला'. ते बंगालसारखे ऐकू येते म्हणून भारतीय आवृत्तीत ते 'डेंकाली' करण्यात आले. मूळचे चाचे 'सिंग' टोळीचे. येथे ते 'सिंगा' झाले. वाचकांना कुणी सांगितले नाही. ज्यांच्या भावना दुखावण्याची प्रकाशकाला भीती होती त्यांच्यासाठी भूगोल बदलला गेला. जंगलातला काळा माणूस गोऱ्याच्या सिंहासनापुढे उभा आहे, ते चित्र बदलावे असे मात्र कुणाला वाटले नाही.

आता नायकाला न मरू देण्याचा दुसरा मार्ग. वेताळाच्या बाबतीत निदान माणूस बदलतो. सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे मंडळींच्या बाबतीत तोच माणूस मरतो आणि तोच परत येतो. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन १९९२ साली मरण पावला. तो अंक काळ्या पाकिटात घालून विकला गेला आणि पाकिटात दंडावर बांधायची काळी फीत होती. शोक करण्याची सामग्री विक्रेत्याने सोबत दिली होती. लाखो प्रती खपल्या. कित्येकांनी तर पाकीट न फोडताच जपून ठेवले, पुढेमागे किंमत येईल म्हणून. १९९३ साली सुपरमॅन परत आला. त्यानंतर हा प्रकार इतका रूढ झाला की २००७ साली कॅप्टन अमेरिकाला गोळी लागली तेव्हा वाचकांचा प्रश्न तो मेला का, हा नव्हताच. तो किती दिवसांनी येणार, हा होता. तो २००९ साली परतला.

हे असे का होते, याचे साधे कारण मालकीत आहे. सुपरमॅन ज्यांनी रचला ते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन गरीब घरचे ज्यू तरुण. १९३८ साली त्यांनी या पात्राचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला लिहून दिले. पात्राने पुढे कोट्यवधी कमावले. १९७५ साली, बरीच ओरड झाल्यावर, कंपनीने दोघांना वार्षिक तनखा आणि निर्माते म्हणून नाव देण्याचे कबूल केले. तोवर शुस्टरची दृष्टी अधू झाली होती. निर्माते वयानुसार मेले, पात्र तिशीतच राहिले. कंपनीच्या वहीत ते जिंदगी म्हणून नोंदलेले आहे आणि जिंदगीला मरण्याची मुभा नसते. वतनातही नेमके हेच होते; माणूस गेला तरी गावाचे काम अडता कामा नये.

येथे एक शंका रास्तपणे काढली जाईल. आपल्याकडच्या लोककथांतही नायक पुन्हा पुन्हा येतातच की. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई येते, दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते, पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. तमाशाच्या वगात आज मारला गेलेला राजा उद्या दुसऱ्या गावी पुन्हा गादीवर बसतो. मग त्यात आणि यात फरक तो काय?

फरक मोठा आहे, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. लहानपणी जत्रेत वग पाहिल्यावर आम्ही पोरे राहुटीच्या मागे जात असू. आत्ताच मेलेला राजा तेथे तोंडाची रंगरंगोटी तशीच ठेवून बिडी ओढीत बसलेला असे. आम्हाला त्याचे हसू येई, पण फसवणूक झाली असे कधी वाटले नाही. कारण उद्या तो उठेल तेव्हा गोष्ट पहिल्यापासून सुरू होणार असते. लोककथा पुन्हा सांगितली जाते. ती पुढे चालविली जात नाही. राजाला काल आपण मेलो होतो हे ठाऊक नसते, त्यामुळे त्याला जिवंत करण्याची कसरत कुणाला करावी लागत नाही. चित्रकथेला मात्र दोन्ही हवे असते. कालचे सर्व घडून गेलेले आहे, सर्वांच्या स्मरणात आहे, असाही तिचा दावा. आणि तिच्या नायकाला त्याचा ओरखडाही उमटता कामा नये, अशीही अट. यालाच त्या जगात कथासातत्य म्हणतात. उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ सालीच हे दाखविले होते की सुपरमॅनने काही केले म्हणजे तो थोडा खर्च होणार, मृत्यूकडे एक पाऊल सरकणार. म्हणून त्याच्या कथा स्वप्नासारख्या धूसर काळात ठेवाव्या लागतात. एकोने लिहिले तेव्हा नायकाला मारून परत आणण्याचा धंदा अजून रुळायचा होता.

या धंद्यात कथेचे सर्वात मोठे नुकसान कोणते होते? मृत्यूचे गांभीर्य जाते, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खरे आहे. पण ते वरवरचे आहे. गांभीर्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जाते ती जबाबदारी. 'एक्स-मेन' या मालिकेतील जीन ग्रेचे उदाहरण घ्यावे. १९८० साली ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी लिहिलेल्या-रेखाटलेल्या कथेत ही तरुणी 'फिनिक्स' या शक्तीने झपाटली जाते आणि भुकेच्या भरात एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर ५ अब्ज लोक राहत असतात. ते सर्व मरतात. लेखकांचा बेत तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवण्याचा होता. संपादक जिम शूटर याने हट्ट धरला की एवढे लोक मारणारीला सहीसलामत घरी जाता येणार नाही. मग शेवट बदलण्यात आला आणि जीन स्वतःचा अंत करून घेते. चित्रकथेच्या इतिहासातील ही एक थोर कथा आहे, आणि तिचे थोरपण या एका हट्टात आहे. मेलेल्या अनोळखी माणसांचा हिशोब कुणीतरी मागितला.

१९८६ साली जीनला परत आणायचे ठरले. पण ५ अब्ज लोकांच्या मारेकरणीला नायिका म्हणून कसे आणावयाचे? तेव्हा असा खुलासा करण्यात आला की ती जीन नव्हतीच. त्या शक्तीने जीनचे रूप घेतले होते. खरी जीन इतके दिवस न्यूयॉर्कजवळच्या खाडीच्या तळाशी एका कोशात झोपली होती. झाले! गुन्हा राहिला, गुन्हेगार नाहीसा झाला. आणि त्या ग्रहावरचे लोक? त्यांच्यासाठी कुठल्या खाडीत कोश सापडला नाही. त्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. मुखपृष्ठावर ज्याचे नाव छापलेले आहे तो परत येतो. पार्श्वभूमीतले लोक मेले ते मेलेच. असे खुलासे आपण गावोगावच्या प्रकरणांत ऐकलेले आहेत. माणसे मेलेली असतात, घरे जळालेली असतात, पण तो मुलगा त्या रात्री गावात नव्हताच, असे मागाहून निघते. चित्रकथेच्या लेखकाने हा युक्तिवाद आपल्याकडून उचलला नसेल. पण तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

दुसरे उदाहरण बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड नावाचा मुलगा. हा रस्त्यावरचा अनाथ. बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरताना सापडलेला. १९८८ साली कंपनीने त्याच्या जगण्यामरण्याचा निर्णय वाचकांवर सोपविला. पैसे भरून दूरध्वनी करावयाचा आणि मत द्यायचे. ५,३४३ मते मरावा म्हणून पडली, ५,२७१ जगावा म्हणून. ७२ मतांनी तो पोरगा मेला. आधीचा रॉबिन सर्कशीतल्या खेळाडूंचा गोंडस मुलगा होता, तो वाचकांचा लाडका होता. हा चाकचोर त्यांना आवडत नव्हता. मते मागविली गेली ती याच्यावर. या लोकशाहीविषयी मी अधिक काही लिहीत नाही. २००५ साली तोही परत आला, आणि त्याचे कारण म्हणून पुढे असे दाखविण्यात आले की दुसऱ्याच एका पात्राने रागाच्या भरात विश्वाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या धक्क्यांत मेलेला जिवंत झाला. एवढ्या पोरकट कारणाने एवढी चांगली कथा परत चालू झाली, याचे वाईट वाटते. कारण परत आल्यावर जेसन बॅटमॅनला जो प्रश्न विचारतो तो पोरकट मुळीच नाही. मला मारणारा अजून जिवंत कसा, असे तो विचारतो. मेलेल्याने उठून आपल्या पालनकर्त्याला जाब विचारावा, ही घटना सबंध बॅटमॅन-वाङ्मयात मला मोलाची वाटते.

म्हणजे परतण्यालाच माझा विरोध आहे, असे कुणी समजू नये. बिनहिशोबी परतण्याला आहे. त्याच २००५ साली कॅप्टन अमेरिकाचा दुसऱ्या महायुद्धात मेलेला किशोर साथीदार बकी परत आणला गेला. एड ब्रूबेकर या लेखकाने त्याला आणले ते शत्रूने मेंदू पुसून दशकानुदशके मारेकरी म्हणून वापरलेला माणूस म्हणून. त्याला आठवण परत मिळते तेव्हा आपण कुणाकुणाला मारले हेही आठवते. तेथे कुणी तो मी नव्हतोच असे म्हणत नाही. कथा पुढे जाते ती त्या ओझ्यासकट.

याची जाण आपल्या जुन्या कथनकारांना होती, हे दाखवायला फार लांब जायला नको. ज्याचे नाव मराठी अनुवादकांनी फँटमला दिले तो मूळचा वेताळ पाहा. वेताळपंचविशीत राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ त्याला गोष्ट सांगून प्रश्न विचारतो, राजाने तोंड उघडले की तो पुन्हा झाडावर. पुन्हा पुन्हा परत जाणाऱ्या प्रेताची ही मालिका. पण तिला नियम आहे आणि तिला शेवट आहे. राजाला ज्या गोष्टीचे उत्तर देता येत नाही, तेथे मालिका थांबते. त्यातलीच एक गोष्ट मृत मुलीच्या पुनरुज्जीवनाची आहे. मंदारवतीला मागणी घालणारे तीन ब्राह्मण तरुण. ती मरते. एक तिच्या चितेच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी तीर्थावर नेतो, तिसरा कुठूनसा संजीवनीचा मंत्र मिळवितो. तिघे एकत्र येतात, मुलगी उठून उभी राहते, आणि लगेच भांडण लागते की ही कुणाची? राजा उत्तर देतो की ज्याने जीव दिला तो बाप झाला, ज्याने अस्थी नेल्या तो मुलगा झाला, राखेवर झोपला तो नवरा. निवाडा तिला विचारून झालेला नाही, हे आपण आज म्हणू आणि म्हटलेच पाहिजे. परंतु मृत्यूतून परत आलेल्याची नाती पूर्वीसारखी राहत नाहीत, परत आणणाऱ्यालाही त्याची किंमत पडते, एवढे त्या जुन्या गोष्टीला कळले होते. सुपरमॅन परत आल्यावर पुन्हा त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला जातो.  मधल्या काळात तो एका तळघरात अडकला होता, एवढ्या सबबीवर भागते.

कथासातत्याचा आणखी एक परिणाम वाचकावर होतो. कुठल्या अंकात कोण मेला, कुठल्या विश्वात कोण जिवंत आहे, १९८५ सालच्या मोठ्या महासंकटाच्या कथेत कंपनीने कोणता इतिहास रद्द केला आणि नंतर कोणता परत चालू केला, हे सर्व पाठ असणाऱ्यांचा एक वर्ग तयार होतो. त्यांना विसंगती सापडली की ते तिची संगती लावून दाखवितात. दोन वचनांत विरोध आला तर कल्पभेद म्हणून सोडविणारी टीकाकारांची परंपरा आपल्याकडे आहे. तीच बुद्धी, तोच आनंद. यात हुशारी आहे, हे मी नाकारीत नाही. पण लेखकाला तू असे का केलेस, हे विचारण्याऐवजी वाचक त्याची चूक सांधण्यात आयुष्य घालवितो. रद्दीच्या पोत्यावर बसून उलटसुलट अंक वाचणाऱ्याला या पंडितसभेत प्रवेश नसतो. एका अर्थी ते बरेच झाले. मला सांधता येत नव्हते, म्हणून मला फट दिसली.

माझ्या एका कार्यकर्त्या मित्राने या लेखाचा कच्चा खर्डा वाचून आक्षेप घेतला. तो म्हणाला, "पिचलेल्या माणसाला न मरणारा नायक लागतो. तुम्ही तोही काढून घ्यायला निघाला. आमच्या पोरांनी मरणाऱ्यांच्याच गोष्टी वाचायच्या काय?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही. आमच्या वस्तीत मेलेली माणसे मी मोजलेली आहेत आणि त्यांतली एखादी परत यावी असे मलाही वाटलेले आहे. पण न मरणारा नायक पिचलेल्या माणसाला काय देतो, हे तपासले पाहिजे. तो येईपर्यंत थांबायला शिकवितो. जंगलातले लोक चारशे वर्षे थांबलेलेच आहेत. संकट आले की ढोल वाजवून निरोप धाडायचा आणि वेताळाची वाट पाहायची.

ही सवय आपल्या घरातही शिरली आहे, हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगितले पाहिजे. जयंतीच्या काळात धुळ्या-जळगावच्या फलकांवर आणि गाण्यांत बाबासाहेबांना पुन्हा जन्म घेण्याची विनवणी मी दरवर्षी वाचतो-ऐकतो. विद्यार्थी असताना मी स्वतः तशी एक कविता लिहून बक्षीस मिळविले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या त्यांत अवतारावर विश्वास न ठेवण्याची प्रतिज्ञा आहे, आणि बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याचीही. अवतार म्हणजे परतणारा नायकच. जो परत येणार आहे त्याचे काम दुसऱ्या कुणाला करावे लागत नाही, हे ती प्रतिज्ञा देणाऱ्याला नीट ठाऊक होते. माझ्या कवितेला बक्षीस देणाऱ्या परीक्षकांना ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते.

'फकिरा'त राणोजी जोगणी आणताना मारला जातो. तो परत येत नाही. फकिरा त्याचा मुलगा आहे, शूर आहे, पण तो राणोजीचा मुखवटा घालत नाही. त्याच्या काळात दुष्काळ वेगळा आहे, शत्रू वेगळा आहे, त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. गावाच्या मानासाठी बाप मेला. उपाशी माणसांसाठी मुलगा धान्य आणि खजिना लुटतो. बापाच्या मृत्यूचे ओझे कादंबरीच्या प्रत्येक पानावर आहे, कारण तो मृत्यू कुणी रद्द केलेला नाही. अण्णा भाऊंना कथासातत्य हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ते असे असते.

माझ्या वडिलांनी काठी घेतली नाही. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली होती, तरी गावात काम चालूच होते. आजोबा वारले तेव्हा वाड्यातून निरोप आला. वडील त्या आठवड्यात जळगावला निघून आले आणि डाळ मिलमध्ये पोती उचलू लागले. गावाला तेव्हा प्रथम कळले असावे की तराळ मेला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर मी वर्गाला एक काम दिले. 'फकिरा' संपते त्याच्या पुढचे एक पान लिहून आणा. चाळीसेक कागद आले. बहुतेकांनी फकिराला सोडवून आणले होते. कुणी तुरुंग फोडून, कुणी घोड्यावरून, एकाने तर फाशीच्या दोरालाच अक्कल आणली होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने दुसऱ्या भागाचे नावही ठरविले होते. साक्रीकडच्या एका मुलीने मात्र फकिराला आणलेच नाही. ओलीस धरलेल्या बाया-पोरे सुटून गावाकडे चालत येतात, वाटेत एका ओढ्याशी थांबतात, आणि आता चूल कुणी पेटवायची, सरपण कुणी आणायचे, रात्री जागे कोण राहायचे, यावर त्यांचे बोलणे होते, एवढेच तिने लिहिले होते. निम्मे अहिराणीत होते, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल शाईचे पेन हाती घेतले होते, ते बाजूला ठेवून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच वर्गापुढे वाचायला उभे केले.